परळीचे पाणी : एका औष्णिक विद्युत केंद्राचा इतिहास कसा वाचावा

मराठवाड्याच्या विसाव्या शतकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन कथनांतून सांगितला जातो. पहिले कथन हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे. ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसापाशी येऊन थांबते. दुसरे कथन दुष्काळाचे. लोकांच्या स्मरणात ते १९७२ पासून सुरू होते आणि अद्याप संपलेले नाही. या दोहोंच्या दरम्यान आणि त्यांच्या सोबतीने या प्रदेशात जे रूळ टाकले गेले, जी धरणे बांधली गेली, ज्या विजेच्या तारा ओढल्या गेल्या, त्यांचा विचार साहित्याचे अभ्यासक क्वचितच करतात. तो विषय अभियंत्यांचा किंवा अर्थशास्त्रज्ञांचा, असे आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहावे या हेतूने आम्ही येथे परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राचा इतिहास विचारात घेत आहोत. परळी बीड जिल्ह्यात येते हे खरे. परंतु लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या इतिहासापासून या केंद्राचा इतिहास वेगळा काढता येत नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

या केंद्राचा रूढ इतिहास संचांचा इतिहास आहे. १९७१ साली ३० मेगावॅट क्षमतेचा पहिला संच सुरू झाला आणि त्यापाठोपाठ तेवढ्याच क्षमतेचा दुसरा. पुढे १९८०, १९८५ आणि १९८७ या वर्षांत प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आले. २००७ आणि २०१० साली प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन, आणि २०१६ साली त्याच क्षमतेचा आठवा संच. पहिले पाच संच आता सेवेतून बाद झाले आहेत. उरलेल्या तिघांची मिळून क्षमता ७५० मेगावॅट आहे. दरम्यान मालकाचे नावही बदलले. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले आणि वीजनिर्मितीचा भाग ‘महानिर्मिती’ या कंपनीकडे गेला. एवढ्या नोंदी दिल्या की केंद्राचा इतिहास सांगून झाला, असे मानण्याची पद्धत आहे. राजांच्या वंशावळी देऊन राज्याचा इतिहास सांगितला असे मानण्याचीही एके काळी पद्धत होतीच.

वस्तुतः या तारखांमधून केंद्राची क्षमता कळते, त्याचे जगणे कळत नाही. परळीचे केंद्र कोठे उभे राहिले, का थांबले आणि कोणासाठी चालले, या तीन प्रश्नांची उत्तरे संचांच्या यादीत नाहीत. पहिल्याचे उत्तर रेल्वेत आहे, दुसऱ्याचे गोदावरीच्या पाण्यात आणि तिसऱ्याचे एका शासकीय शब्दात. हा क्रम आपण एकेक करून पाहू.

मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना विजेचे दिवे प्रथम राजधानीत लागले. हैदराबादेत हुसेनसागर तलावाच्या काठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच औष्णिक वीजकेंद्र उभे होते. त्याला लागणारे दोन्ही घटक संस्थानाच्या हाताशी होते : तलावाचे पाणी आणि सिंगरेणीचा कोळसा. सिंगरेणीच्या खाणीतून १८८९ पासून कोळसा निघत होता आणि १९४५ साली त्या कंपनीची मालकी निजाम सरकारकडे आली. मराठी भाषक जिल्हे याच राज्याचे भाग होते. पण त्यांच्या वाट्याला आले ते मुख्यतः रेल्वेचे रूळ, आणि तेही एका मापाचे नव्हेत.

या मापांकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. सिकंदराबादहून नांदेड, परभणी, औरंगाबाद करीत मनमाडला जाणारा मार्ग मीटरगेज होता. लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी नॅरोगेज होती. ती १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोड करीत परळीला येणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज होता, आणि तो १९३० च्या सुमारास परळीपर्यंत पूर्ण झाला होता. म्हणजे नांदेड एका मापावर, लातूर दुसऱ्या आणि परळी तिसऱ्या. प्रवाशाने एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचे एवढीच याची अडचण नव्हती. मालाची गाडी एका मापावरून दुसऱ्या मापावर जाऊ शकत नाही. माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. धान्याची पोती उतरवून भरता येतात. रोज हजारो टन कोळसा उतरवून भरणे हा व्यवहार परवडणारा नाही.

सिंगरेणीचा कोळसा वाघीण न बदलता मराठवाड्यात ज्या मोजक्या ठिकाणी येऊ शकत होता, त्यांत परळी होती. नांदेड आणि परभणी ही अधिक मोठी गावे होती. नांदेडला उस्मानशाही मिलसारखा जुना कापडउद्योगही होता. परंतु नांदेडपर्यंत ब्रॉडगेज यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. परळीच्या केंद्राने पुढे विदर्भातील वेस्टर्न कोलफिल्ड्सचाही कोळसा वापरला, पण सिंगरेणीशी असलेले नाते टिकून राहिले. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. खाणी आंध्र प्रदेशात आणि २०१४ नंतर तेलंगणात राहिल्या. राजकीय नकाशावर मराठवाडा हैदराबादपासून विलग झाला, तरी कोळशाच्या मार्गावर जुने संस्थान असे दीर्घकाळ शिल्लक राहिले. मुक्तिसंग्रामाचे कथन १९४८ ला थांबवणाऱ्या इतिहासलेखनाला ही सलगता दिसत नाही.

आता केंद्र चालते कसे, हे थोडक्यात समजून घेऊ. कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकला जातो. त्याच्या उष्णतेने बॉयलरच्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते, वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज निघते. काम संपलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते, आणि ते पाणी पुन्हा बॉयलरकडे जाते. हे चक्र बंद आहे; त्यात फारसे पाणी खर्च होत नाही. खर्च होतो तो वाफेला थंड करणाऱ्या दुसऱ्या पाण्याचा. कोळशातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश विजेत उतरते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग हे दुसरे पाणी आपल्यासोबत घेऊन कूलिंग टॉवरमध्ये जाते आणि तेथे त्याचा काही भाग वाफ होऊन हवेत मिसळतो. दुरून चिमणीचा धूर वाटावा असा जो पांढरा लोट त्या रुंद मनोऱ्यांतून निघताना दिसतो, तो धूर नसतो. ते नदीचे पाणी असते.

आकडे घेतले तर चित्र स्पष्ट होते. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर ६० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला पाऊण किलो कोळसा धरला तर दिवसाला सुमारे ४,५०० टन कोळसा लागतो. म्हणजे एक पूर्ण मालगाडी आणि वर थोडा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची जी मर्यादा ठरवली, ती एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर अशी आहे. या मर्यादेत राहूनही एका संचाला दिवसाला २१ हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी दहा लाख लिटर पाणी लागते. कोळसा शेकडो किलोमीटरवरून आणता येतो. एवढे पाणी रोज दुरून आणता येत नाही. ते जवळ असावे लागते.

परळी गोदावरीच्या खोऱ्यात आहे, पण नदीच्या काठावर नाही. केंद्रासाठी पाणी येते ते परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात गोदावरीवर बांधलेल्या खडका बंधाऱ्यातून. बंधारा भरलेला राहण्यासाठी वरच्या बाजूच्या धरणांत पाणी असावे लागते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सिंदफणेवरील माजलगाव धरण हा त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा. परळीचे पहिले छोटे संच १९७१ चे, आणि मोठे संच १९८० नंतरचे, यातील अंतर या पार्श्वभूमीवर पाहावे. जायकवाडी पूर्ण होण्याआधी साठ मेगावॅट आणि नंतर सहाशेहून अधिक, असा हा क्रम आहे. मोठ्या संचांना आधार होता तो जायकवाडीत अडवलेल्या पाण्याचा.

या पाण्याची मूळ कल्पना मात्र सिंचनाची होती. मराठवाड्याच्या पाटबंधाऱ्यांचा विषय निघाला की नांदेडच्या शंकरराव चव्हाण यांचे नाव घेतले जाते, ते याच कारणाने. पाटबंधारे खाते त्यांनी प्रदीर्घ काळ सांभाळले. जायकवाडीच्या आणि नांदेडजवळील विष्णुपुरीच्या प्रकल्पामागे त्यांचा आग्रह होता. त्या पिढीच्या दृष्टीने धरण, कालवा, वीज आणि कारखाना हे एकाच विकासाचे चार टप्पे होते. त्यांच्यात पाण्यासाठी झगडा होऊ शकेल, ही शक्यता त्या काळच्या भाषेत फारशी व्यक्त झालेली नाही.

याच ठिकाणी तो शासकीय शब्द येतो : अनुशेष. १९७४ साली वसमत येथील गोळीबारानंतर मराठवाडा विकास आंदोलन पेटले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील नेत्यांनी त्याला दिशा दिली. रेल्वेचे रुंदीकरण, सिंचन, शिक्षण, उद्योग आणि नोकऱ्या या मागण्यांमागे एक साधे विधान होते, की आम्ही विनाअट महाराष्ट्रात आलो आणि मागे राहिलो. या मागे राहण्याचे मोजमाप करण्यासाठी १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत जिल्हावार तूट काढली. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा जवळजवळ चौथा हिस्सा होता.

या मोजणीतील एक भेद साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात घ्यावा असा आहे. विजेचा अनुशेष काढताना समितीने गावांपर्यंत आणि विहिरींवरच्या पंपांपर्यंत पोचलेल्या विजेचा विचार केला. वीज कोठे तयार होते याचा नव्हे. तो विचार योग्यच होता. कारण परळीत तयार झालेली वीज परळीची नसते. ती उच्च दाबाच्या वाहिन्यांतून राज्याच्या जाळ्यात जाते आणि तेथून ज्याची मागणी आणि ज्याची पत असेल त्याच्याकडे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने जे तीव्र भारनियमन अनुभवले, त्यात हे फार स्पष्टपणे दिसले. भारनियमनाचे तास वीजगळती आणि वसुली यांवरून पाडलेल्या गटांनुसार ठरत असत. केंद्राच्या जवळ असणे हा निकष नव्हता. ज्या प्रदेशाने केंद्राला पाणी आणि जमीन दिली, त्याच प्रदेशातील खेडी वीजगळतीच्या हिशेबात खालच्या गटांत पडून अंधारात राहिली. सहावा संच सुरू झाला तो याच काळात, २००७ साली.

मग केंद्रामुळे परळीला काय मिळाले, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर केवळ तक्रारीचे देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पक्क्या पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या, शक्तिकुंज नावाची वसाहत वसली, राज्याच्या अन्य भागांतून अभियंते आणि तंत्रज्ञ आले, त्यांच्या मुलांबरोबर गावातली मुले शिकली. बाजारपेठ वाढली. ज्या तालुक्यातून दर वर्षी ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पडतात, तेथे बारमाही चालणारा मोठा कारखाना असणे ही लहान गोष्ट नव्हती. लोकांनी ‘औष्णिक विद्युत केंद्र’ हे नाव कधी तोंडात घेतले नाही. त्यांनी त्याला ‘थर्मल’ म्हटले. ‘थर्मलला लागला’ या दोन शब्दांत एका कुटुंबाचे स्थैर्य सांगितले जाई. परंतु हे स्थैर्य केंद्र चालू राहण्यावर अवलंबून होते, आणि केंद्राचे चालणे पाण्यावर.

२०१२ चा पावसाळा मराठवाड्यात हुकला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र पूर्ण बंद करावे लागले. तेव्हा चालू अवस्थेतील पाच संचांची क्षमता १,१३० मेगावॅट होती. नंतर ठरलेल्या साडेतीन घनमीटरच्या मर्यादेने हिशेब केला तरी पूर्ण क्षमतेला दिवसाला साडेनऊ कोटी लिटर पाणी लागले असते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचा निकाल दिला. धर्माबाद तालुक्यातील या बंधाऱ्यावर आंध्र प्रदेशाने आक्षेप घेतला होता. न्यायालयाने बंधारा वैध ठरवला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवण्याचे आणि १ मार्चला ठराविक पाणी खाली सोडण्याचे बंधन घातले. एकाच नदीच्या काही शे किलोमीटरच्या पट्ट्यात, एकाच महिन्यात, वर एक वीजकेंद्र पाण्यावाचून थांबते आणि खाली पाणी कोणी किती अडवायचे याचे दिवस आणि तारखा न्यायालय ठरवते. या दोन घटनांच्या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या असतील. इतिहासाने त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. पैठणच्या वर नाशिक आणि नगर, मध्ये परळी, खाली नांदेड आणि त्याही खाली तेलंगण, असा हा एकच प्रश्न आहे.

पुढचा दुष्काळ अधिक कठीण होता. २०१५ च्या पावसाळ्यात परळीचे केंद्र पुन्हा पाण्याअभावी बंद पडले आणि ते २०१६ चा पाऊस होईपर्यंत बंदच राहिले. लातूर शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. नंतरच्या फेऱ्यांत पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर पाणी आणू लागली. ही गाडी ज्या मार्गाने आली तो जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग. २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले होते. १९७४ च्या आंदोलनातील रुंदीकरणाची मागणी मराठवाड्याच्या उद्योगांसाठी होती. त्याच मागणीच्या पूर्ततेतून चार दशकांनी पिण्याचे पाणी येईल, असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल.

येथे आणखी एक, फारसा चर्चेत नसलेला संदर्भ जोडला पाहिजे. २०११ साली महानिर्मिती आणि भेल या दोन सार्वजनिक कंपन्यांनी मिळून ‘लातूर पॉवर कंपनी’ स्थापन केली होती. लातूर जिल्ह्यात ६६० मेगावॅटचे दोन कोळशाचे संच, किंवा इंधन मिळाल्यास वायूवर चालणारा १,५०० मेगावॅटचा प्रकल्प, अशी ती योजना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. ती आली असती तर काय झाले असते, याचा हिशेब आपण करू शकतो. कोळशाच्या १,३२० मेगावॅटला, नव्या केंद्रांसाठी ठरवलेल्या तीन घनमीटरच्या मर्यादेने, दिवसाला सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागते. मिरजेच्या पन्नास वाघिणींच्या गाडीने ते आणायचे तर रोज अडतीस गाड्या लागल्या असत्या. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून थोडी अधिक होती. माणशी १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले तर साऱ्या शहराला दिवसाला सव्वापाच कोटी लिटर पाणी पुरते. न झालेल्या केंद्राची तहान झालेल्या शहराच्या जवळजवळ दुप्पट होती.

या हिशेबावरून कोणताही उद्योग मराठवाड्यात नको, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. विकासाची मागणी करताना आपण ‘किती मेगावॅट’ हे विचारले आणि ‘कोणते पाणी’ हे विचारले नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग १९७१ पासून उपस्थित होता. तो प्रत्येक दुष्काळात दिसला आणि प्रत्येक चांगल्या पावसात विसरला गेला. याचे ठळक उदाहरण आठवा संच. त्याच्या उभारणीची अखेरची वर्षे आणि केंद्र पाण्याअभावी बंद असण्याची वर्षे एकच आहेत. २०१६ चा पाऊस चांगला झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या संचाची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली.

पाण्याइतकीच स्थानिक असलेली दुसरी गोष्ट म्हणजे राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असते. एकतृतीयांश धरले तरी २५० मेगावॅटच्या एका संचातून दिवसाला सुमारे १,५०० टन राख निघते. कोळसा बाहेरून येतो, वीज बाहेर जाते, राख मात्र परळीच्या परिसरातील तळ्यांत साठते. १९९९ पासून राखेच्या वापराविषयी केंद्र सरकारच्या अधिसूचना निघत आल्या आहेत. विटा, सिमेंट आणि रस्ते यांसाठी ती वापरली जाते, तिचा व्यापार चालतो, आणि २०२४-२५ मध्ये तिच्या वाहतुकीवरील नियंत्रणाचा प्रश्न राज्याच्या राजकीय चर्चेत ठळकपणे आला. परळी हे वैजनाथाचे क्षेत्र असल्याने येथे भस्माचे रूपक कोणालाही चटकन सुचेल. ते टाळावे असे आम्हांला वाटते. भस्म कपाळाला लावायचे की नाही हे भक्त ठरवतो. घरावर, पिकावर आणि श्वासात येऊन बसणाऱ्या राखेबाबत तशी निवड नसते. रूपकाने हा फरक झाकला जातो.

साहित्याच्या अभ्यासाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. ज्या वर्षी परळीचा पहिला संच सुरू झाला त्याच वर्षी, १९७१ मध्ये, रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या या लेखकाने खेड्यातील एका शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितली आहे. व्यवसायातली एक लहानशी उलथापालथ घरात काय करते, हे त्या कादंबरीमुळे आपल्याला कळते. त्याच वर्षी, त्याच प्रदेशात सुरू झालेल्या एका फार मोठ्या उलथापालथीचे वर्णन मात्र आपल्याकडे मेगावॅटच्या भाषेत उरले आहे. ग्रामीण साहित्याची चर्चा करताना आपण पाऊस, पीक, कर्ज आणि स्थलांतर यांचे संदर्भ शोधतो. आवर्तन, भारनियमन, संच, टँकर, प्रकल्पग्रस्त, कंत्राटी या शब्दांचे शोधत नाही. वस्तुतः गेल्या अर्धशतकातील मराठवाड्याचे जगणे या शब्दांत साठलेले आहे. ‘आवर्तन’ हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे. संगीतात आणि काव्यशास्त्रात तो पुनःपुन्हा हमखास परतून येणे सुचवतो. कालव्याच्या भाषेत तो धरणातून सोडलेल्या पाण्याची पाळी सुचवतो, आणि ती पाळी येईलच याची शाश्वती नसते. अभ्यासकांनी परळी, सोनपेठ, लातूर, नांदेड येथील बोलण्यातून असे शब्द, त्यांच्या अर्थांसह आणि त्यामागच्या प्रसंगांसह, गोळा करावेत. पहिल्या संचांवर काम केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. हे काम फार काळ पुढे ढकलता येणार नाही.

अखेरीस एका छोट्या मजकुराकडे लक्ष वेधतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पाणीवाटपाचा प्राधान्यक्रम पिण्याचे पाणी, उद्योग, शेती असा होता. त्यावर बरीच टीका झाली आणि २०११ साली क्रम बदलून पिण्याचे पाणी, शेती, उद्योग असा करण्यात आला. तीन घटक तेच, केवळ दोघांची जागा बदलली. पण खडका बंधाऱ्यातले पाणी परळीकडे जाणार की शेताकडे, याचा कागदावरचा निर्णय त्या जागांवर अवलंबून आहे. वाक्यातील शब्दांच्या क्रमाने अर्थ कसा पालटतो, हे शिकवणे हा साहित्याच्या अध्यापकाचा नित्याचा व्यवसाय. परळीचे तीन संच अजून उभे आहेत, त्यांचे पाणी अजून गोदावरीचे आहे, आणि अवर्षणाचे वर्ष पुन्हा येणार आहे. ते येईल तेव्हा हा क्रम वाचता येणारे आणि त्याविषयी प्रश्न विचारणारे वाचक या जिल्ह्यांतील महाविद्यालयांतूनच तयार झालेले असावेत.